जिथे पूर्वी काही होतं

राज्य इनमिन एवढंसं.
न्याहारी उरकून निघालं तर
दुपारच्या जेवणाला माणूस दुसऱ्याच राज्यात.
तरी इथले लोक पाऊण तासाच्या वाटेला
डबा बांधून घेतात,
आणि पूल ओलांडायचा म्हटलं
की कपाळाला आठी.

इदालिना मावशी आली कोर्व्हूहून.
अटलांटिकच्या मधोमध एक बेट,
बेटावर एक गाव, गावात चारशे डोकी.
बॅगेत चीजचा गोळा, काळी शाल
आणि एका लिफाफ्याची फक्त मागची बाजू:
पाठवणाऱ्याचा पत्ता.
लाउदेलिनो काका अकरा वर्षं इथे राबला,
दर महिन्याला पैसे पोचायचे,
एका महिन्यात तो स्वतःच पोचला.
हाताचा रबराचा वास शेवटपर्यंत गेला नाही,
मावशी म्हणाली. तक्रार नव्हे, नुसती माहिती.

पत्ता शेवटी बघू, म्हणाली,
आधी तुझं राज्य दाखव.

मी काय दाखवणार? मी नळ दुरुस्त करतो.
मला घरं माहीत ती सिंकच्या खालून.
तरी अ‍ॅडम्सव्हिलला नेलं,
तिथे एका कोंबडीचं स्मारक आहे.
खरंच आहे. दगडावर धातूची कोंबडी.
मावशीने शालीचं टोक सावरलं,
जरा वेळ थांबली, जसं कुठल्याही स्मारकापुढे थांबावं तसं,
मग विचारलं, अंडी किती द्यायची?

न्यूपोर्टचे महाल पाहिले तिकीट काढून.
तिने जिन्याचे कठडे पुसणाऱ्या बाईकडे जास्त पाहिलं.
गॅलिलीच्या बंदरात तिसऱ्या खाल्ल्या,
पावाच्या चुऱ्यात भरून भाजलेल्या.
मीठ कमी, असा निकाल.
पॉइंट ज्यूडिथला दिव्याखाली उभी राहून
आग्नेयेकडे बोट केलं: घर.
मध्ये तीन हजार किलोमीटर पाणी,
पण बोट असं, जसं गल्लीच्या टोकाशी.

केवढं मोठं राज्य तुझं, गाडीत बसताना म्हणाली.
मला वाटलं थट्टा करतेय.
आमचा रस्ता चढतो, म्हणाली,
आणि संपतो.
हा बघ, संपतच नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ब्रिस्टल.
धक्क्यावर कॉफी घातलेलं गार दूध प्यालो,
बेटाकडे जाणारी बोट सुटताना पाहिली.
रस्त्याच्या मधोमध लाल-पांढरा-निळा पट्टा,
चार जुलैचा, वर्षभर तसाच.
पेट्रोल भरणाऱ्या म्हाताऱ्याला लिफाफा दाखवला.
सरळ जा, म्हणाला,
जिथे फोन्तिशची बेकरी होती तिथे डावीकडे,
मग ते वीज पडलेलं एल्म,
म्हणजे आता नाहीये ते,
तिथून तिसरं.
आणि आता तिथे काय आहे?
तो विचारात पडला.
आता? आता काय ते… लक्षात नाही येत.

आता तिथे दाताच्या डॉक्टरचं पार्किंग.
नऊ गाड्यांच्या पांढऱ्या रेघा, कचऱ्याचा डबा,
फक्त रुग्णांसाठी, अशी पाटी.
मी माफी मागायला लागलो, का ते कळेना.
मावशी रेघांमधून चालली.
त्याने लिहिलं होतं, म्हणाली,
सकाळचं ऊन थेट उशीवर येतं,
गजराची गरज नाही.
तिने उन्हाकडे पाठ केली,
स्वतःची सावली पाहिली,
दोन पावलं मागे सरकली, एक डावीकडे.
सात नंबरच्या रेघेत थांबली.
इथे.

तेवढ्यात एक गाडी हळू झाली.
काच खाली. आमच्याच भाषेत, इथल्या हेलात:
आजी, बोटीचा धक्का कुठे?
मी तोंड उघडण्याआधीच
तिने हात लांब केला.
हे लाउदेलिनोचं घर होतं ना,
इथून उजवीकडे. मग सरळ. पाणी दिसेलच.

त्या माणसाने मान डोलावली
जणू ते घर त्याला माहीतच होतं,
आणि उजवीकडे वळला.